लेझर कुठे, सुरी कुठे?

लेझर मृतदेह चिरत नाही, बाहेरून मापतो. स्वित्झर्लंडच्या बर्नमध्ये १९९०च्या दशकाअखेर सुरू झालेल्या ‘व्हर्टॉप्सी’ या आभासी शवविच्छेदनाच्या पद्धतीत बाहेरच्या पृष्ठभाग-स्कॅनिंगला सीटी स्कॅनची जोड दिली गेली. दिल्लीच्या एम्समध्ये मार्च २०२१पासून सीटीवर आभासी शवविच्छेदन होतं. मोडलेलं हाड, रुतलेली गोळी, कवटीतला रक्तस्राव चीर न देता दिसतो. पण पालघर जिल्ह्यातल्या पाम, बोईसर, तारापूरच्या रासायनिक पट्ट्यात अनेकदा प्रश्न वेगळाच: श्वासातून किंवा तोंडातून आत काय गेलं? विष सीटीत ओळखू येत नाही; व्हिसेरा, म्हणजे अंतर्गत अवयवांचे नमुने, काढून प्रयोगशाळेत पाठवावाच लागतो. लक्षात ठेवा: संशयास्पद मृत्यूत पोलिसांनी सांगितलेल्या शवविच्छेदनाला नातेवाइकांची संमती लागत नाही.