अण्णांची रेंगी

गेल्या माघांत पवनीस आमच्या वाड्याच्या अंगणांत एक विचित्र वस्तु उभी राहिली आणि पंधरा दिवस साऱ्या आळीला बोलावयास विषय मिळाला. दोन चाकांवर बसविलेली, पुढें फुगीर व मागें निमुळती होत गेलेली ती पेटी पाहून कोणी तिला कणगी म्हटलें, तर कोणी, आणि तेंही आमच्यासारख्यांच्या अंगणांत, कोंबड्यांचें खुराडें म्हटलें. परदेशांत या वस्तूला अश्रुबिंदूवरून नांव पडलें आहे, कारण तिची बाजू गालावरून ओघळणाऱ्या थेंबासारखी दिसते. आमच्या आत्याबाईंना तें नांव मुळींच मानवलें नाहीं. "घरांत येणारी वस्तु रडक्या नांवानें येऊं नये," असें त्यांनीं बजावलें. तेव्हां अण्णांनीं तिला रेंगी म्हणावयास सुरुवात केली आणि तेंच नांव कायम झालें.

नागपूर-भंडाऱ्याकडील वृद्ध वाचकांस रेंगी म्हणजे काय तें सांगावयास नकोच. माल वाहते ती बंडी आणि माणसें नेते ती रेंगी. हलकी, दोन चाकांची, वर बांबूच्या कमानी व त्यांवर चटई, खालीं तणसाची जाड बैठक आणि तिजवर घरची गादी. अण्णा व आत्याबाई लहानपणीं आजोळीं जात ते अशाच रेंगींतून. उन्हाच्या भीतीनें रात्रीं निघावयाचें, बैलांच्या घुंगरांच्या नादांत झोंपीं जावयाचें आणि जाग येते तों गाडी वैनगंगेच्या उतारावर उभी असावयाची. अण्णांचें वय आज चौऱ्यायशी आहे. नुकतें काय जेवलों हें ते कधींकधीं विसरतात. त्या उताराचें वळण मात्र विसरत नाहींत.

आणि तें आजोळच आतां उरलेलें नाहीं. पवनीच्या वरच्या अंगास गोसी येथें वैनगंगेवर जें धरण झालें, त्याची कोनशिला १९८८ सालीं तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्तें बसली. २००९ सालीं त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. तेहतीस दरवाज्यांच्या त्या भिंतीमागें पाणी सांठत गेलें, तशीं कांठचीं गांवें एकामागून एक उठलीं. त्यांतच अण्णांचें आजोळ गेलें. धरणानें खालच्या शेतांस पाणी दिलें हें खरें. परंतु ज्यांचीं घरें गेलीं त्यांना तो हिशेब समजावून सांगणें सोपें नसतें, आणि आम्ही तो प्रयत्नही करीत नाहीं. गांव उठल्यानंतर अण्णा तिकडे एकदांही गेले नव्हते. गेल्या दिवाळीस मात्र त्यांनीं आपण होऊन विषय काढला. "एक रात्र तेथें काढावी म्हणतों," एवढेंच ते बोलले.

एक रात्र म्हणणें सोपें होतें. तीन वर्षांपूर्वीं त्यांच्या खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झाली असल्यामुळें जमिनीवर अंथरूण घालून त्यांना निजतां येत नाहीं. निजले तर उठतां येत नाहीं. मोटारींत बसून रात्र काढणें तर आम्हां धडधाकटांनाही जड जातें. त्या पाण्याच्या कांठीं राहावयाची सोय नाहीं. दिवसा नेऊन संध्याकाळीं परत आणूं, असें आम्हीं सुचविलें. त्यावर अण्णा कांहींच बोलले नाहींत, आणि त्यांचें न बोलणें काय असतें हें आमच्या घरांत सर्वांस ठाऊक आहे.

धाकट्या बंधूंचे चिरंजीव अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षांत आहेत. त्यांनीं ही थेंबाच्या आकाराची गाडी घरीं बांधण्याची कल्पना काढली. कल्पना कांहीं आजची नव्हे. हौसेखातर चाकांवरचें घर घेऊन हिंडण्याचा नाद डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स या लेखकानें इंग्लंडांत १८८५ सालीं लावला. त्याची 'वाँडरर' नांवाची गाडी दोन घोडे ओढीत. तें प्रकरण सरदारी थाटाचें होतें. थेंबाची गाडी मात्र गरिबाघरची. अमेरिकेंत १९३० नंतरच्या मंदीच्या दिवसांत ती वर आली आणि दुसरें महायुद्ध संपल्यावर, लढाईंतून उरलेलीं जीपचीं चाकें व विमानांचा पत्रा स्वस्त मिळूं लागला तेव्हां, घरोघर लोक ती आपल्या हातानें करूं लागले. १९४७ सालीं तेथील एका यंत्रविषयक मासिकानें तिचे नकाशेच छापले होते. तिची लांबी आठ फूट व रुंदी आणि उंची चार चार फूट कां, याचें उत्तर मोठें गंमतीचें आहे: प्लायवुडचा तक्ता बाजारांत आठ फूट बाय चार फूट मिळतो म्हणून! एका तक्त्यांत एक बाजू, दुसऱ्यांत दुसरी. आंत उभें राहतां येत नाहीं. पण निजावयास उभें राहण्याची गरज काय? महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें आहे. परंतु आम्हांस पर्यटन करावयाचें नव्हतें; अण्णांना एक रात्र निजवावयाचें होतें.

सांगाडा भंगारांतून आणला. जीपमागें जोडावयाचा जुना दोनचाकी ट्रेलर गंजून पडला होता. येथें वाचकांस एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें ट्रेलर हेंसुद्धां वाहनच ठरतें. त्याला नोंदणी लागते आणि त्याच्या मूळ रूपांत फेरफार करावयाचा तर परवानगी लागते. चिरंजीवांना पहिल्यानें जो सांगाडा मिळाला तो अगदीं फुकटांत पडत होता, पण त्याला कागद नव्हते. अण्णांनीं जन्मभर शाळेंत शिस्त शिकविली. त्यांनीं तो परत पाठविला. दुसरा घेतला तो चौपट किंमतीचा, परंतु कागदांसह. सर्व मंजुऱ्या हातीं येईपर्यंत रेंगी अंगणाबाहेर पडली नाहीं.

काम आमच्या जुन्या सुतारमिस्त्रींकडे दिलें. ट्रेलर पाहतांच त्यांनीं हातोडी घेऊन लोखंड ठोकठोक ठोकलें. जेथें आवाज खणखणीत आला तेथें खडूची फुली नाहीं. जेथें भद्द आला तेथें फुली. तीन फुल्या पडल्या आणि तेवढेच तुकडे कापून नवे जोडले. बाकीचा गंज तारेच्या ब्रशानें खरवडून तांबडा रंग दिला. चाकांच्या बेअरिंगांत जुनें ग्रीस दगडासारखें झालें होतें, तें धुऊन नवें भरलें. कमानपाट्यांचा प्रश्न निराळा होता. हा ट्रेलर दगडमाती वाहण्यासाठीं केलेला. त्यावर हलकी पेटी बसविली तर पाटे लवणारच नाहींत आणि प्रत्येक खड्डा अण्णांच्या खुब्याला कळेल. म्हणून दोन्हीकडचे दोन दोन पाटे काढून टाकले.

वरच्या कामाचें वर्णन करावयाचें तर जागा पुरणार नाहीं. बाजूंचा आकार काढतांना मिस्त्रींनीं सागाची एक लवचीक पट्टी वांकवून पेन्सिल फिरविली, तें पाहून चिरंजीवांचा संगणकावरचा नकाशा बाजूला पडला. छताला पातळ प्लाय ओलावून हळूहळू सागाच्या फाशांवर वांकविला. त्यावर वैशाखाच्या भीतीनें इंचभर थर्मोकोल आणि त्यावर पांढरा रंगविलेला ऍल्युमिनियमचा पत्रा. दोन्ही दारांना जाळीच्या खिडक्या, आणि शिवाय एक झरोका खालीं व एक वर ठेवला. दोन माणसें बंद पेटींत निजलीं तर श्वासानेंच हवा जड होते. ऊन वारा वरून निघावा व गार खालून यावा, ही त्यामागील योजना. आंत दिवा, चूल, उदबत्ती, कांहींही पेटवावयाचें नाहीं, हा नियम दारावर लिहिला. बिछान्याची उंची बरोबर अण्णांच्या बाजेइतकी धरली, म्हणजे कडेला बसून पाय आंत घेतले कीं झालें.

स्वयंपाकघर मागें. शेपटीचें झांकण वर उचललें कीं त्याचेंच छप्पर होतें आणि खालीं ओटा, शेगडी, मिसळणाचा डबा, चार पातेलीं. मधें आडवी भिंत असल्यामुळें बिछान्याचा व अन्नाचा संबंध येत नाहीं. आत्याबाईंनीं हें बारकाईनें तपासलें. आजन्म सोंवळें पाळलेल्या त्या बाई, प्रवासांत फळांवर राहतात. "निजणाराचा हात इकडे पोंचत नाहीं ना?" त्यांनीं विचारलें. पोंचत नाहीं म्हटल्यावर त्यांनीं त्या परदेशी माणसाला, तो कोण हें ठाऊक नसतांही, शहाणा ठरविलें. गॅसची टाकी येथेंच, पण तिच्या कप्प्याच्या तळाला भोंकें ठेवलीं आहेत. हा वायु हवेहून जड असल्यामुळें गळला तर खालींच सांचतो.

फाल्गुनांत भिवापूरच्या रस्त्यावर पहिली फेरी काढली. गाडी धाकटे बंधू हांकीत होते. वेग थोडा वाढतांच मागची रेंगी साप चालावा तशी डावी-उजवीकडे वळवळूं लागली. बंधूंचा चेहरा उतरला, आणि सोबत बसलेले मिस्त्री ओरडले, "उलाळ झाली जी बंडी!" आम्ही सर्व शिकलेले एकमेकांकडे पाहत राहिलों. बंडींत मागें ओझें अधिक झालें म्हणजे जूं बैलांच्या मानेवरून उचललें जातें, तिला उलाळ म्हणतात, हें कोणत्या शेतकऱ्याला ठाऊक नाहीं? आम्हीं चाळीस लिटरांची पाण्याची टाकी, पातेलीं व गॅस सारें शेपटींत भरलें होतें. दुसरे दिवशीं धरमकांट्यावर वजन केलें: रेंगी भरली तीनशें वीस किलो, आणि पुढच्या दांडीचा जीपवरील भार अवघा नऊ किलो. तो एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के हवा, असें पुस्तक सांगतें. टाकी व बॅटरी आंसाच्या पुढें आणली, भार पस्तीस किलोंवर गेला, आणि वळवळ थांबली.

आठवड्याभरांत अवकाळी पाऊस आला आणि झांकणाच्या बिजागरीच्या फटींतून अण्णांची नवी गादी भिजली. बिजागरीवर रबराची पट्टी व वर पत्र्याची बारीक पन्हळ बसवूनच मग निघण्याचा दिवस ठरला.

चैत्री पौर्णिमेच्या दुपारीं उन्हें कलल्यावर निघालों. अण्णा पुढें बंधूंजवळ, आत्याबाई मागें, आणि दर दोन मैलांवर "ती येते आहे ना?" म्हणून मागें वळून पाहणें. पाण्याच्या कांठीं पोंचलों तेव्हां चंद्र वर आला होता. चाकांना दगड लावले, चारी कोपऱ्यांना टेकू दिले. अण्णांनीं कडेला बसून पाय आंत घेतले, आणि दोन्ही दारें उघडीं ठेवावयास सांगितलीं. रात्रीं दोनदां आम्ही उठून पाहिलें. एकदां ते झोंपले होते. दुसऱ्यांदा जागे होते व पाण्याकडे पाहत होते. आम्ही कांहीं न बोलतां परत फिरलों.

पाणी उतरलें म्हणजे देवळाचा कळस दिसतो असें कोणी सांगितलें होतें. पहांटे उजाडलें तेव्हां कळस दिसला नाहीं. सपाट, राखी रंगाचें पाणी आणि त्यावर दोन ढोकरी. अण्णा काठीनें दाखवूं लागले: तो उतार, तेथून वळलें कीं मामांचा वाडा, वाड्यामागें विहीर, विहिरीच्या डाव्या हाताला औदुंबर.

"उजव्या," मागचें झांकण उघडून चहाचें आधण ठेवीत आत्याबाई म्हणाल्या.

"डाव्या. त्याच्यावरून मी पडलों होतों."

"पडलास तो चिंचेवरून. औदुंबर उजव्याच हाताला होता."

चहा होऊन तो निवूं लागला तरी औदुंबराचा निकाल लागला नव्हता.