दप्तराचा धनी कोण?

‘दप्तर’ हा शब्द ऐकताच तुम्हाला आपले पाठीवरचे दप्तर आठवेल. परंतु सरकारी कचेरीतही दप्तर असते. कोणता रस्ता कोणी बांधला, त्यावर किती पैसा खर्च झाला, कोणत्या मजुराला किती मजुरी दिली, या साऱ्यांची नोंद त्यात असते. तुमच्या दप्तराचे धनी तुम्ही. मग या सरकारी दप्तराचा धनी कोण?

इंग्रजी अमदानीत, १९२३ साली, सरकारी गुपितांविषयी एक कायदा झाला. त्याची छाया स्वातंत्र्यानंतरही कचेऱ्यांवर राहिली. कागद म्हणजे कचेरीची मालमत्ता, सामान्य माणसाचा तिच्याशी काय संबंध, अशीच समजूत रूढ होती.

तिला आव्हान दिले ते राजस्थानातील गरीब मजुरांनी. सरकारी कामांवर राबूनही त्यांना ठरलेली मजुरी पुरती मिळत नसे. जाब विचारावा, तर कागदोपत्री काम कमी भरले आहे, असे उत्तर मिळे. आणि तो कागद दाखवा म्हटले, तर नकार मिळे. १९९० साली त्यांनी ‘मजदूर किसान शक्ती संघटन’ स्थापन केले. डिसेंबर १९९४ मध्ये कोटकिराना या गावी त्यांनी जनसुनावणी भरवली. मिळवलेले कागद सर्वांसमक्ष मोठ्याने वाचण्यात आले. अशा सुनावण्यांतून उघड झाले, की हजेरीपटावर कामावर न आलेल्यांची, एवढेच नव्हे तर मृतांचीही नावे होती! १९९६ साली ब्यावर शहरात हे लोक चाळीस दिवस धरणे धरून बसले. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही त्यांची घोषणा होती. पुढे राजस्थानने २००० साली व महाराष्ट्राने २००२ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा केला. संसदेने केलेला कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अमलात आला.

या कायद्याने अर्जाची वाट कशी आखून दिली आहे, ते पाहू. समजा, गावातील पाण्याची नवी टाकी वर्षाच्या आतच गळू लागली. तिचा हिशेब पाहावा, असे एका शेतकऱ्याच्या मनात आले. कचेरीत याच कामासाठी एक जन माहिती अधिकारी नेमलेला असतो. त्याच्याकडे अर्ज द्यायचा व दहा रुपये शुल्क भरायचे. दारिद्र्यरेषेखालील माणसाला तेही माफ असते. माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याचे बंधन नाही. अर्जदाराला लिहिता येत नसेल, तर त्याचे म्हणणे लिहून घेण्यास साहाय्य करणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. कागद दुसऱ्या कचेरीत असेल, तर अर्ज पाच दिवसांच्या आत तिकडे पाठवावा लागतो. उत्तराची मुदत सामान्यतः तीस दिवसांची असते; परंतु एखाद्याच्या जीविताचा वा स्वातंत्र्याचा प्रश्न असल्यास अठ्ठेचाळीस तासांतच माहिती द्यावी लागते.

उत्तर आलेच नाही, तर? मग वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिले अपील व त्यानंतर राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. विनाकारण विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला आयोग दररोज २५० रुपयांप्रमाणे, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड करू शकतो. हा दंड त्या अधिकाऱ्याने स्वतः सोसावयाचा असतो.

अर्थात, सर्वच कागद खुले नसतात. देशाच्या संरक्षणाला बाध येईल, अशी माहिती नाकारता येते. तथापि नकार द्यायचा, तर त्याचे कारण लेखी कळवावे लागते. कागदाचा काही भागच गुप्त असेल, तर तेवढा वगळून उरलेला देता येतो.

मुलांनो, टाकीसाठी खर्च झालेला पैसा शेतकऱ्याने, मजुराने, तुमच्या आईवडिलांनी कररूपाने दिलेला असतो. घरात आपल्या पैशाचा हिशेब विचारण्यात जसे काही गैर नाही, तसेच येथेही नाही. दप्तर सांभाळणारा अधिकारी हा त्याचा राखणदार. धनी मात्र जनता. परंतु धन्याने विचारलेच नाही, तर राखणदाराने तरी हिशेब कोणाला द्यावा?