या वयात आता काय शिकायचे?

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. देवपुरातल्या माझ्या दवाखान्यात भरदुपारी एका आजींना रिक्षातून आणले. वय अडुसष्ट. अंगाला दरदरून घाम, हातपाय गार, बोलणे असंबद्ध. "ऊन लागलं वाटतं, साहेब," मुलगा म्हणाला. मलाही क्षणभर तसेच वाटले. पण आजींना मधुमेह आहे हे ठाऊक असल्याने आधी साखर तपासली, तर ती पन्नासच्याही खाली. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर पंधरा-वीस मिनिटांत आजी उठून बसल्या आणि पदर सावरत घरी जाण्याची घाई करू लागल्या.

साखर इतकी का उतरली? जेवण तर वेळेवर झाले होते. मी औषधांची पिशवी मागवली. आजींना दोन गोळ्या चालू होत्या, एक रक्तदाबाची आणि एक साखरेची. त्या ओळखण्याची आजींची स्वतःची पद्धत होती. लाल पट्टी सकाळ-संध्याकाळ, हिरवी पट्टी फक्त सकाळी. या महिन्यात दुकानातून साखरेची गोळी दुसऱ्या कंपनीची मिळाली आणि तिची पट्टीही लालच निघाली. आजी लाल म्हणून तीच दोन वेळा घेत राहिल्या. पाकिटावर मी माझ्या हाताने 'साखर, सकाळी १' असे लिहून दिले होते. सहा वर्षे असेच लिहून देत होतो. त्या सहा वर्षांत 'आजी, तुम्हाला वाचता येते का?' हे मी एकदाही विचारले नव्हते. मी समजावून सांगे, त्या मान डोलावत आणि मला वाटे काम झाले. चूक आजींची नव्हती, माझी होती.

त्या दिवशी विचारले, तेव्हा आजींनी मान खाली घातली. मी म्हणालो, "आजी, नात सहावीत आहे ना? तिच्याकडून अक्षरे शिकून घ्या." त्यावर त्या अहिराणीत म्हणाल्या, "आते मी काय शिकसू, भाऊ? वय व्हई गयं मन्हं." मुलगाही हसून म्हणाला, "या वयात आता काय शिकायचं, साहेब? आरामात बसून खावं."

वाचकहो, 'आरामात बसून खावे' हे वाक्य प्रेमापोटी बोलले जाते. पण आजवर मिळालेले वैद्यकीय ज्ञान याच्या उलट आहे.

आपल्या देशात साठीच्या पुढे गेलेल्यांपैकी सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीतून पुढे आला. त्यात स्त्रियांचे आणि शाळा न पाहिलेल्यांचे प्रमाण अधिक आहे. हे असे का? मेंदूचे काम पेशींमधल्या जोडण्यांवर चालते. शिकताना, वाचताना, आकडेमोड करताना या जोडण्या वाढतात, घट्ट होतात. पुढे वयामुळे काही पेशी निकामी झाल्या तरी उरलेल्या जोडण्या आडवाटेने काम भागवतात. संसारात जशी गंगाजळी, तशी ही मेंदूची गंगाजळी. बालपणात शाळा मिळाली त्यांची सुरुवातीपासून साठलेली असते. ज्यांना मिळाली नाही, त्यांनी नंतर भर घालू नये असा काही निसर्गाचा नियम नाही. म्हाताऱ्या मेंदूत नव्या जोडण्या होतच नाहीत ही समजूत आता मागे पडली आहे. त्या सावकाश होतात, इतकेच.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणे दिली. ती सारी दूर करता आली, तर जवळजवळ ४५ टक्के रुग्णांत हा आजार टळेल किंवा लांबेल, असे त्यांचे म्हणणे आहे. त्या यादीत कमी शिक्षण आहे, एकटेपणा आहे, ऐकू कमी येणे आणि डोळ्यांनी नीट न दिसणे हेही आहे. मधुमेह, रक्तदाब, तंबाखूचा धूर ही आपली नेहमीची मंडळी तर आहेतच.

आमच्या खानदेशाच्या दृष्टीने आणखी एक अभ्यास मला मोलाचा वाटतो. हैदराबादच्या निझाम इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४८ स्मृतिभ्रंशाचे रुग्ण तपासले. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झालेला दिसला, आणि निरक्षर रुग्णांतही हा फरक आढळला. हा अभ्यास २०१३ सालचा. नंतर इतरत्र झालेल्या सगळ्याच पाहण्यांत तसेच निष्कर्ष आले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. तरीपण घरात अहिराणी, बाजारात मराठी आणि गाडीत हिंदी बोलणाऱ्या आमच्या आजीबाई अगदीच रिकाम्या हाताने आलेल्या नाहीत, एवढे म्हणायला हरकत नाही. अहिराणी बोलायला लाजणाऱ्या नातवंडांनीही हे वाचावे.

आता कोणी म्हणेल, 'मी शिकलेला आहे, पेन्शनर आहे, रोज पेपरातले शब्दकोडे सोडवतो, मला काय गरज?' दत्तमंदिर चौकाजवळ राहणारे एक गृहस्थ मला हेच म्हणाले होते. शब्दकोडे वाईट नाही. पण वीस वर्षे जे सोडवतो ते मेंदूला पाठ झालेले असते. रोजच्या वाटेने बैल आपोआप घरी येतो, त्यातला प्रकार. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस शाखेतल्या संशोधकांनी साठी ओलांडलेल्यांचे गट केले. काहींना छायाचित्रण किंवा गोधडी शिवणे नव्याने शिकवले, आठवड्याला सुमारे पंधरा तास, तीन महिने. दुसऱ्या एका गटाने तेवढाच वेळ एकत्र जमून गप्पा, खेळ, सहली यांत घालवला. २०१४ साली निकाल प्रसिद्ध झाला. नवे आणि अवघड शिकलेल्यांची स्मरणशक्ती गप्पांच्या गटापेक्षा अधिक सुधारली होती. तेव्हा शिकणे थोडे जड जावे, सुरुवातीला चुकावे, हेच औषध. तबला येत असेल तर पेटी शिका. हिशेब येत असेल तर मोबाइलवरून वीजबिल भरायला शिका. आयुष्यभर स्वयंपाकघरात न गेलेल्या आजोबांना तर पोळी लाटण्याचाही अभ्यासक्रम खुला आहे!

त्या गृहस्थांचे पुढे निराळेच निघाले. त्यांनी भजनाच्या वर्गात नाव घातले आणि पंधरा दिवसांत सोडले. घरचे म्हणू लागले, बाबांना हल्ली समजत नाही, विसरतात. कानाच्या डॉक्टरांकडे पाठवले, तर दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होते. जे ऐकूच आले नाही ते लक्षात कसे राहणार? यंत्र लावल्यावर ते पुन्हा वर्गाला जाऊ लागले. म्हणून पाटी घेण्यापूर्वी कान तपासा, चष्म्याचा नंबर पाहा, मोतीबिंदू असेल तर काढून घ्या. आणि विसरणे जर काही आठवड्यांत झपाट्याने वाढले असेल, तर वर्गात न पाठवता आधी डॉक्टरांकडे न्या. थायरॉईड, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मनाची उदासी यांनीही विसरायला होते आणि त्यांवर उपचार आहेत.

उतारवयातल्या शाळेचे नमुने जगात बरेच आहेत. फ्रान्समध्ये तुलूझ येथे १९७३ साली 'तिसऱ्या वयाचे विद्यापीठ' सुरू झाले आणि ती कल्पना अनेक देशांत पसरली. पण मला अधिक जवळचे वाटते ते ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातले फांगणे. तिथले जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने ८ मार्च २०१६ रोजी, महिलादिनी, 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. साठ ते नव्वद वर्षांच्या विद्यार्थिनी, गुलाबी नऊवारीचा गणवेश, खांद्याला दप्तर, हातात पाटी. वेळ दुपारी दोन ते चार, म्हणजे घरातली आणि शेतातली कामे उरकल्यावरची. शिकवायला गावातलीच एक सून. अंगठा सोडून सही करता यावी, पोथी आपली आपण वाचता यावी, एवढीच त्यांची मागणी होती. या शाळेची खरी किल्ली मला वेळेत आणि गणवेशात दिसते. सगळ्याजणी सारख्या, सगळ्यांनाच येत नाही, मग लाजायचे कोणाला?

आणि धुळ्याला मोठ्या माणसांचा वर्ग नवा कुठे आहे? १९३२ साली इथल्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचन दिले, २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार, आणि साने गुरुजींनी ते लिहून घेतले. ऐकणारे सगळे प्रौढ, बहुतेक कैदी.

आज ज्यांना अक्षरओळखच नाही त्यांच्यासाठी 'उल्लास' हा साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेला आहे. पंधरा वर्षांपुढच्या कोणालाही त्यात शिकता येते, शिकवणारे स्वयंसेवक असतात. जवळच्या शाळेत चौकशी करावी. पदवी राहून गेलेल्यांसाठी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची वाट १९८९ पासून आहे. आणि काहीच नसेल, तर एकवीरा देवीच्या देवळात दुपारी बसणाऱ्या दहा बायका आणि एक कॉलेजची मुलगी एवढ्यावरही वर्ग उभा राहतो.

आमच्या आजींचा वर्ग घरीच भरला. नातीने आधी आकडे घेतले, मग 'साखर' हा शब्द, मग 'दाब'. बाराखडी नंतर. मध्ये गौरी-गणपतीत महिनाभर पाटी माळ्यावर गेली, ती आजींनीच खाली काढली. नातीची चिडचिड होई, आजी रुसत, असे चालले होते. जोडाक्षरे अजून येत नाहीत. पण आता त्या एका वहीत तारीख आणि साखरेचा आकडा स्वतः लिहितात. गेल्या महिन्यात तपासणीला आल्या तेव्हा माझ्या हातातले पाकीट त्यांनी घेतले, डोळ्यांजवळ धरले, लांब धरले आणि परत माझ्यापुढे ठेवले. माझे अक्षर त्यांना लागत नव्हते. मी दुसरे पाकीट घेऊन सुटी, मोठी अक्षरे काढली. त्यांनी बोट ठेवून ती वाचली आणि मगच पिशवीत टाकली.