घामाचा जमाखर्च

भांडुप पश्चिमेला, डोंगराच्या उतारावर दाटीने वसलेल्या चाळींतून, कारखान्यांतल्या चाकरीच्या निमित्ताने कोकण सोडून आलेल्या कुटुंबांनी कबड्डीचा शौक पिढ्यानपिढ्या जोपासला आहे. तेव्हा क्रीडापोषण आणि दुखापतींचा प्रतिबंध हा ज्यांच्या अभ्यासाचा विषय, अशा एका संशोधक बाईंनी आपले क्षेत्र म्हणून इथलेच एक मैदान निवडले, यात नवल नव्हते. नवल वाटले ते त्यांच्या सामग्रीचे. एक वजनकाटा, मोबाईल उभा करण्याची तिवई, फूटभर उंचीचे लाकडी खोके आणि जाड पुठ्ठ्याची नोंदवही, एवढ्यावर सारा कारभार.

सरावाआधी आणि सरावानंतर अंग कोरडे पुसून प्रत्येकाने काट्यावर उभे राहावयाचे, मधल्या वेळात प्यायलेले पाणी बाटलीवरून मोजून वजनाच्या घटीत मिळवावयाचे आणि घटलेल्या किलोमागे सुमारे एक लिटर घाम धरावयाचा, असा त्यांचा शिरस्ता. 60 किलोच्या मुलाचे वजन सव्वा किलोने उतरले, की घट 2 टक्क्यांच्या पुढे जाते; आणि तिथून पुढे, विशेषतः मुंबईच्या दमट उकाड्यात, दम आणि अवधान ही दोन्ही ढळू लागतात. ज्या भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलातून मुंबईच्या फार मोठ्या भागाला पाणी पोचते, तिथलीच पोरे ‘सरावात पाणी पिऊ नये’ या जुन्या फर्मानाखाली तहानलेली खेळतात, हा विरोधाभास बाईंच्या नव्हे, माझ्याच ध्यानात आला. त्यांना असल्या अलंकारांना फुरसत नव्हती.

त्यांची खरी चौकशी अन्नाची. आदल्या चोवीस तासांत काय, किती आणि मुख्य म्हणजे केव्हा खाल्ले, हे त्या चिकाटीने विचारीत.

“दुपारी डबा कधी खाल्लास?”

“एकला, मॅडम.”

“मग?”

“मग डायरेक्ट इथंच. येताना वडापाव.”

सराव सातला सुरू होणार, घरचे ताट साडेदहाला पुढे येणार; आणि असल्या दिनक्रमात मुलाची सारी श्रद्धा मात्र महागड्या पावडरच्या डब्यावर. सामान्य प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिने पुरेशी मानतात, खेळाडूला 1.2 ते 2 ग्रॅम सांगतात. ही प्रथिने अंडी, डाळ, उसळ, दूध आणि कोकणी घरात हमखास सापडणारी सुकट यांतून बव्हंशी भरून निघतात, हा हिशेब त्या आयांसमोर मांडीत. माझ्या मते त्या पावडरचा महिमा पोषणापेक्षा प्रतिष्ठेचाच अधिक आहे. बाईंचा आग्रह निराळा होता: साडेपाचला दोन केळी, किंवा पोळी आणि गूळ, एवढे पोटात पडलेच पाहिजे.

गुडघ्याची परीक्षा पाहण्यासारखी. खोक्यावरून खाली उतरून तत्क्षणी उंच उडी मारावयाची, आणि पाय टेकताना गुडघा आत कलतो काय, हे चित्रणात थांबवून थांबवून पाहावयाचे. 13 बाय 10 मीटरच्या मैदानात, 30 सेकंदांच्या चढाईत, घोट्याला मिठी पडलेली असताना चढाईपटू मध्यरेषेकडे देह फेकतो, त्या वेळी पाऊल जागीच आणि धड वळलेले, अशी स्थिती होते. मातीवर पाऊल थोडे सरकून सुटते, मॅटवर बूट धरून ठेवतो आणि पीळ गुडघ्यावर येतो, असा त्यांचा कयास. ‘लिगामेंट गेली’ हे शब्द त्या मैदानावर एखाद्याची नोकरी गेल्याच्या स्वरात उच्चारले जातात. ते अगदीच अनाठायी नाही, कारण कबड्डीच्या बळावर रेल्वेत वा बँकेत नोकरी मिळते, हे इथे सर्वांना ठाऊक आहे.

नोंदवहीत दुखापतीच्या रकान्याशेजारीच शेवटच्या खाण्याची वेळ लिहिलेली होती. उपाशी, कोरड्या, थकलेल्या शरीराचा पाय चुकीचा पडतो, असेच ना, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. “एवढ्या नोंदींवरून नाही म्हणता येणार. अख्खा हंगाम जाऊ दे.”

वजनगटाचा विषय निघाला, की मात्र हा संयम सुटे. स्पर्धेच्या आदल्या दिवशी जेवण-पाणी तोडून, रेनकोट चढवून धावत वजन उतरविणाऱ्या कुमार खेळाडूंना त्या सर्वांदेखत फैलावर घेत. उतरवायचेच तर आठवड्याला अर्धा किलो, तेही महिनाभर आधीपासून, अशी ताकीद देत.

प्रशिक्षकांशी त्यांचा वाद वीस मिनिटांवरून होता. फुटबॉलमध्ये दुखापती घटविणारा म्हणून सिद्ध झालेला तेवढ्याच वेळाचा व्यायामक्रम, एका पायावरचा तोल आणि मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद यांवर भर देऊन, त्यांनी कबड्डीसाठी बेतला होता. प्रशिक्षकांनी तो मान्य केला, पण सामने तोंडावर आले की बंद करण्याच्या अटीवर. बाईंचे म्हणणे, नेमका तेव्हाच तो हवा. मी निघालो तेव्हा दोघेही आपापल्या म्हणण्यावर ठाम होते आणि मुलांनी एव्हाना संघ पाडून डाव सुरू केला होता.