‘ऑल अमेरिकन’ नेमके कोठे उतरले?

शेपटीजवळ जवळजवळ आरपार कापले गेलेले, तरीही आकाशात टिकून असलेले चार इंजिनांचे बॉम्बर विमान. दुसऱ्या महायुद्धातील हे छायाचित्र आजही समाजमाध्यमांवर फिरत असते. विमान अमेरिकेचे बी-१७, त्याचे नाव ‘ऑल अमेरिकन’. छायाचित्र अस्सल आहे. सोबत पाठविली जाणारी कथा मात्र तपासून घ्यावी लागते.

त्या कथेत हे विमान इंग्लंडला परतते आणि इंग्लिश खाडीवर सामोरी आलेली मस्टँग विमाने त्याचे छायाचित्र टिपतात. अशा वेळी अभ्यासकाने प्रथम पाहावी ती पथकाच्या तळांची नोंद. ९७ व्या बॉम्बर्डमेंट ग्रुपने १९४२च्या नोव्हेंबरातच इंग्लंड सोडून अल्जीरिया गाठले होते. १ फेब्रुवारी १९४३ रोजी, म्हणजे टक्कर झाली त्या दिवशी, त्याचा तळ सहाराच्या कडेवरील बिस्क्रा येथे होता. ट्युनिसपासून बिस्क्रा सुमारे ४५० किलोमीटरवर आहे, इंग्लंड १,८०० किलोमीटरवर. शिवाय इंग्लंडहून निघणाऱ्या अमेरिकी बॉम्बरांना मस्टँगची सोबत मिळू लागली ती १९४३च्या डिसेंबरात. कथेचा डोलारा येथेच कोसळतो. छायाचित्र टिपले गेले ते सोबतच्याच एका बी-१७ मधून.

प्रत्यक्ष घटना तरी कोठे कमी थरारक आहे? ट्युनिशियाच्या किनाऱ्यावरील बंदरावर बॉम्ब टाकून परतताना एक जर्मन मेसरश्मिट समोरून चालून आले. गोळीबारात त्याचा वैमानिक बहुधा ठार किंवा जायबंदी झाला असावा. त्याला वेळेत खाली वळता आले नाही आणि ते ‘ऑल अमेरिकन’च्या मागील भागावर आदळले. शेपटीचा डावा आडवा पंख मुळासकट उखडला गेला. धड तिरके चिरले. शेपूट उरल्यासुरल्या पत्र्याच्या आधाराने लटकत राहिली.

ती तुटून का पडली नाही? बी-१७च्या धडात भार केवळ आतील सांगाड्यावर नसतो. गोल कड्या, लांबीच्या पट्ट्या आणि त्यांवर रिव्हेटने ठोकलेला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा मिळून तो पेलतात. विणलेल्या टोपलीच्या काही काड्या तुटल्या तरी ती लगेच उसवत नाही, तसेच हे. अर्थात उरलेल्या नियंत्रणांवर विमान हळुवार हाताळणाऱ्या वैमानिक केंड्रिक ब्रॅग यांचे कसबही तितकेच मोलाचे.

बिस्क्राला विमान शेपटीच्या चाकाविना उतरले. दहाही जण सुखरूप बाहेर आले. पुढे दुरुस्त होऊन ते पुन्हा उडाले आणि १९४५च्या मार्चमध्ये सुटे भाग काढण्यासाठी मोडीत निघाले.