नोंदींतून अर्थाकडे : गुणात्मक विश्लेषणाची पन्नास वर्षे

मानसशास्त्रातील गुणात्मक विश्लेषणाला पहिली ठोस शिस्त समाजशास्त्राकडून मिळाली. बार्नी ग्लेझर आणि अँसेल्म स्ट्राउस यांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरातील रुग्णालयांत मरणासन्न रुग्ण, नातेवाईक आणि परिचारिका यांचे वागणे बारकाईने टिपले. आपण वाचणार नाही हे रुग्णाला कळलेले असते, परिचारिकेलाही ते ठाऊक असते, तरी दोघेही काही माहीत नसल्यासारखे बोलत राहतात. अशा चार अवस्था त्यांनी १९६५ साली मांडल्या. त्यासाठी गृहीतक आधी ठरवलेले नव्हते. एक नोंद दुसरीशी ताडून पाहताना वर्गवारी घडत गेली. १९६७ च्या पुस्तकात या रीतीला 'ग्राउंडेड थिअरी' हे नाव मिळाले. पुढे स्ट्राउस यांनी ज्युलिएट कॉर्बिन यांच्यासह १९९० मध्ये तिच्या काटेकोर पायऱ्या आखल्या, तेव्हा ग्लेझर यांनीच कडाडून विरोध केला : असे केल्याने माहितीवर साचा लादला जातो.

मुख्य प्रवाहातले मानसशास्त्र मात्र दीर्घकाळ प्रयोग आणि प्रश्नावल्यांतच रमले. १९८७ मध्ये जोनाथन पॉटर आणि मार्गारेट वेदरेल यांनी बोलण्याकडे मनाची खिडकी म्हणून न पाहता कृती म्हणून पाहिले. जोनाथन स्मिथ यांनी १९९६ मध्ये उलट बाजू धरली : आजारपण भोगणारा माणूस त्या अनुभवाचा काय अर्थ लावतो, ते मोजक्याच मुलाखती खोलवर वाचून शोधायचे.

सर्वाधिक पसरली ती व्हर्जिनिया ब्राउन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांची २००६ मधील आशयसूत्र-विश्लेषणाची मांडणी. मजकूर पुन्हा पुन्हा वाचणे, कोड देणे, आशयसूत्रे शोधणे, तपासणे, त्यांना नाव देणे आणि लिहून काढणे असे तिचे सहा टप्पे. समजा, एक रुग्ण म्हणतो, "डॉक्टर येतात, पण माझ्याकडे बघत नाहीत." याला 'डॉक्टर' असा कोड देणे म्हणजे नुसता विषय नोंदवणे, 'दुर्लक्षित असल्याची भावना' हा कोड अर्थाला हात घालतो. दुर्दैवाने अनेक प्रबंधांत मुलाखतीचे प्रश्नच आशयसूत्रे म्हणून छापले गेले. आशयसूत्रे आपोआप 'वर येतात' हा समज दोघींनी आधीच नाकारला होता. २०१९ मध्ये त्यांनी आपल्या पद्धतीला 'आत्मचिंतनात्मक' असे विशेषण जोडून संशोधकाची भूमिका आणखी ठळक केली.

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०१८ मध्ये गुणात्मक लेखांसाठी स्वतंत्र मानके प्रसिद्ध केली. संशोधकाची पार्श्वभूमी आणि पूर्वधारणा लेखात नोंदवाव्यात, ही अपेक्षा त्यांत स्पष्ट आहे.