रानडुकरांचे संततिनियमन

गोरेगाव तालुक्यात धान लोंबीवर आला की रानडुकरांचा उपद्रव सुरू होतो. नागझिऱ्याच्या जंगलालगतच्या बांध्यांत शिरलेला कळप खातो त्याहून अधिक तुडवितो; कापणीनंतर पुंजण्यांसही सोडीत नाही. जागल करून शेतकरी थकतो. कोणी तारेत वीज सोडतात. तिने गुरे व माणसेही दगावतात, आणि तो गुन्हाही आहे. यास्तव, न मारता संख्या आवरण्याचा जो उपाय शास्त्रज्ञ शोधीत आहेत, तो शेतकरी बंधूंस विदित व्हावा असे आम्हांस वाटते.

हा उपाय लसीचा असून तिचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात पाळीव डुकरिणीच्या स्त्रीबीजावरील आवरणातील प्रथिन अन्य जातीच्या मादीस टोचतात. त्यायोगे तिच्या रक्तात प्रतिद्रव्ये उत्पन्न होऊन नराचे बीज स्त्रीबीजात शिरू शकत नाही. अमेरिकेतील ॲसाटीग बेटावर रानघोड्यांची संख्या सन १९९४ पासून या लसीने आवरण्यात आली. परंतु रानडुक्कर हे पाळीव डुकराचेच मूळ कुळ. त्याचे शरीर हे प्रथिन परके मानीत नाही. सबब ही लस त्यास लागू पडत नाही.

दुसरी लस मेंदूतील ज्या स्रावाने जननग्रंथींस चालना मिळते, तोच निष्प्रभ करते. मग मादी माजावर येत नाही. इंग्लंडात कोंडून ठेवलेल्या रानडुकरिणींपैकी बहुतेकींवर एका टोचणीचा परिणाम कित्येक वर्षे टिकला.

खरी अडचण रानातील मादी धरण्याची आहे. डुकरानेच नाकाडाने उचलावे अशा जड झाकणाचे खाद्यपात्र तयार झाले आहे. परंतु त्यात घालण्याजोगे खात्रीचे औषध अद्याप हाती आलेले नाही.

आता हिशेब पाहू. डुकरीण एका वेतात साधारण चार ते सहा पिल्ले देते. दहांपैकी पाच माद्यांस लस टोचली, तरी उरलेल्या पाचांची वीस-पंचवीस पिल्ले होतील. त्यांतील निम्मी मेली तरी कळप वाढेलच. म्हणजे बहुतेक सर्व माद्यांस लस टोचली पाहिजे. आणि लस टोचलेली डुकरीणही धान खाणे सोडीत नाही. हिमाचल प्रदेशात सन २००६-०७ पासून दीड लाखांहून अधिक माकडांची नसबंदी झाली, तरी पिकांची तक्रार मिटली नाही.

तात्पर्य, हा उपाय दयेचा खरा, पण सावकाशीचा आहे. यंदाचे पीक कुंपण व जागल यांनीच राखावे लागेल. नुकसान होताच वनखात्यास विनाविलंब कळवून पंचनामा करवावा. नोकरीत असे कागद आम्ही पुष्कळ हाताळले. तारीख व क्षेत्र नीट नसले की अर्ज अडतो. शिवाय प्रत्येक गावाने कळप किती, माद्या किती, कोणत्या शिवारात केव्हा उतरतात, याची वही ठेवावी. उद्या लस आली, तर प्रथम हीच वही मागितली जाईल.